वळिवड्याची गोष्ट आणि तिच्यात हरवलेली नावं

बेगम बाजारात आपल्या मंडळाची बैठक भरते ती पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. खाली तांब्या-कळश्यांचा खणखणाट, वर आपली कागदपत्रं. गेल्या खेपेला तिथं कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावातल्या पोलिश छावणीचा विषय निघाला. एका सभासदानं फोनवर आलेला लेख वाचून दाखवला, दुसऱ्यानं माहितीपटाचा तुकडा लावला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागं बसलेल्या एका ताईंनी साधा प्रश्न टाकला : "उद्या पोलंडची कुणी बाई इथं आली आणि म्हणाली, माझी आजी तुमच्या मुलखात होती, तिचा माग काढून द्या, तर हे जे आपण आता वाचलं-पाहिलं, त्यातलं तिच्या हातावर काय ठेवाल?"

माडीवर कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर ठेवण्यासारखं काही नव्हतं.

तो प्रश्न घेऊनच हे टिपण लिहायला बसलो आहे. वळिवड्यावर आजवर जे सांगितलं-लिहिलं गेलं, त्याला एकच कसोटी लावून पाहू. शोध घेणारी नात ते वाचून एक पाऊल पुढं जाते का? इतिहासाची आवड असलेल्या आपल्यासारख्यांनी ही कसोटी आपल्या कामालाही लावावी, असं मला वाटतं. म्हणून ही टीका थोडी स्वतःवरचीही आहे.

गोष्ट कशी सांगितली जाते

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले. तिथल्या जामनगरच्या जामसाहेबांच्या स्मारकाला आणि कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली. त्यानंतर मराठी-हिंदीत या विषयावर लेखांचा आणि व्हिडिओंचा पूर आला. जवळजवळ सगळ्यांचा साचा एकच. युद्धात पोलंडची बायकामुलं बेघर झाली, साऱ्या जगानं दारं लावून घेतली, आपल्या दयाळू महाराजांनी दार उघडलं, कोल्हापूरकरांनी त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, पाच वर्षांनी ती डोळे पुसत गेली, आणि आज त्यांची नातवंडं आभार मानायला येतात.

ही गोष्ट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. सुमारे पाच हजार पोलिश माणसं वळिवड्याला राहिली, ती सुरक्षित राहिली, आणि म्हातारपणीही त्यांनी कोल्हापूरचं नाव प्रेमानं घेतलं, हे खरंच आहे. पण या साच्यात तीन गोष्टी बिघडतात. दोन छावण्यांची एक होते. माणसं कुठून आली ते पुसलं जातं. आणि माणसांची नावं गळून पडतात. माग काढणाऱ्याला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात.

दोन छावण्या आणि एक महाराजा

पहिली गोष्ट जामनगरची. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये समुद्रकाठच्या बालाचडीला पोलिश मुलांची सोय केली. बरीचशी अनाथ, काहींचे आईबाप वाटेतच हरवलेले. पहिल्या तुकड्या अश्काबादहून इराणच्या मशहदमार्गे ट्रकमधून क्वेट्ट्याकडे आल्या. या मुलांच्या खर्चासाठी संस्थानिकांनी आणि इतरांनी देणग्या दिल्या. पुढं १९४६ मध्ये छावणी बंद होताना मुलांना कम्युनिस्ट पोलंडात परत पाठवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांचं पालकत्व कायद्यानं घेण्यात जामसाहेबांचा वाटा होता. इथं 'दयाळू महाराजा' हा शब्द शोभतो.

वळिवड्याची गोष्ट वेगळी. तिथं पहिली माणसं जून १९४३ मध्ये उतरली. त्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्येच वारले होते. गादीवर होतं दत्तक घेतलेलं दोन वर्षांचं बाळ, आणि कारभार चालत होता महाराणी ताराबाईंच्या राजप्रतिनिधित्वाखाली. म्हणजे 'कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश निर्वासितांना बोलावलं' हे वाक्य आपण लेखामागून लेखात वाचतो, पण तसं बोलावू शकेल असा जाणता महाराजा तेव्हा गादीवर नव्हताच. जागा संस्थानाच्या हद्दीतली, व्यवस्था भारत सरकारची, आणि खर्च लंडनमध्ये परागंदा असलेल्या पोलिश सरकारच्या नावावर. छावणीचा प्रमुख पोलिश, शाळा पोलिश, चर्च, दवाखाना, बालवीर पथकं, नाटकमंडळी सगळी पोलिश.

कुणी म्हणेल, कोण महाराजा होता यानं आज कुणाचं काय अडतं? अडतं. नातीचं अडतं. बालाचडीला मुख्यतः मुलं होती. वळिवड्याला आया, मुलं, म्हातारी माणसं अशी कुटुंबं होती. आजी एकटी आली की आईबरोबर, यावरून छावणीचा अंदाज बांधता येतो. आणि कारभार कुणाचा, यावरून कागद कुठं गेले ते कळतं. लंडनच्या पोलिश सरकारचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत आहेत. भारत सरकारच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दरबारचा पत्रव्यवहार शोधायचा तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराचं दार ठोठवायचं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा या माणसांचा कुणी वालीच राहिला नाही; पुढं संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडं आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडं ती सोपवली गेली. त्या संघटनांचे बरेच कागद आज जर्मनीतल्या आरोल्सेनच्या अभिलेखागारात पाहायला मिळतात. 'महाराजांनी सांभाळलं' एवढं लिहून आपण हे पाचही दरवाजे एका फटक्यात बंद करतो.

आणि 'साऱ्या जगानं दारं लावली' हे तर साफ चूक आहे. १९४२ मध्ये सोविएत हद्दीतून बाहेर पडलेली सुमारे १ लाख १५ हजार माणसं, सैनिक आणि नागरिक मिळून, आधी इराणनं पदरात घेतली. तेहरान आणि इस्फहानला पोलिश मुलांच्या शाळा निघाल्या. तिथून पुढं पूर्व आफ्रिकेत टांगानिका आणि युगांडात मोठ्या वसाहती झाल्या. मेक्सिकोत सांता रोसाला, न्यूझीलंडमध्ये पाहियाटुआला छावण्या झाल्या. पाहियाटुआची ७३३ मुलं १९४४ मध्ये मुंबई बंदरावरूनच पुढं गेली. आपलं मोठेपण दाखवण्यासाठी इराणचं आणि आफ्रिकेचं खातं कोरं ठेवायचं, हे इतिहासाच्या माणसाला शोभत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनंही ते नुकसानीचं आहे. 'आजी भारतात होती' एवढीच घरात आठवण असेल, तर ती वळिवड्याला पाच वर्षं राहिलेली असू शकते, किंवा कराचीच्या तळावर काही आठवडे थांबून आफ्रिकेच्या बोटीत बसलेली असू शकते. ते कराची तेव्हा भारतात होतं, आज नाही.

गाडी वळिवडे स्टेशनात येण्याआधी

दुसरा बिघाड जास्त खोल आहे. आपल्याकडची बहुतेक वर्णनं वळिवडे स्टेशनात गाडी थांबते तिथं सुरू होतात. माणसं 'पोलंडमधून', 'युद्धामुळं', 'हिटलरमुळं' आली, असं एका ओळीत उरकलं जातं. पण यातल्या बहुतेकांना हिटलरनं हाकललेलं नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोविएत संघ पोलंडात घुसले. पूर्वेकडचा जो पट्टा सोविएत ताब्यात गेला, त्याला पोलिश माणसं 'क्रेसी' म्हणतात, म्हणजे सीमेवरचा मुलूख. तिथून चार लाटांत माणसं मालगाड्यांत भरून सैबेरियात, उत्तरेच्या जंगलांत आणि कझाकस्तानात नेली.

या चार लाटांच्या तारखा पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत, कारण तारखेवरून घर कळतं. १० फेब्रुवारी १९४०ची लाट : पहिल्या महायुद्धानंतर पूर्वेला जमीन मिळालेले माजी सैनिक, शेतकरी आणि जंगलखात्यातली माणसं, कुटुंबकबिल्यासकट. एप्रिल १९४०ची लाट : अटकेतल्या आणि युद्धकैदी अधिकाऱ्यांच्या बायकामुलांची, मुख्यतः कझाकस्तानकडं. त्याच वसंतात कातिनच्या जंगलात आणि इतरत्र ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यातल्या अनेकांची कुटुंबं या लाटेत होती. जून-जुलै १९४०ची लाट : जर्मन फौजांपुढं पळत पूर्वेला आलेले निर्वासित, त्यांत ज्यू पुष्कळ. आणि चौथी मे-जून १९४१ची, हिटलरनं रशियावर चाल करून येईपर्यंत चाललेली.

नातीला घरातून एवढंच ठाऊक असेल की 'बर्फात, फेब्रुवारीत, पहाटे दार ठोठावलं', तरी केवढं कळलं! पणजोबा बहुधा शेतावर वसलेले माजी सैनिक किंवा जंगलातले वनरक्षक. 'बाबा आधीच तुरुंगात होते, मग आम्हाला नेलं' अशी आठवण असेल, तर एप्रिलची लाट. पोलिश कागदांत महिना रोमन आकड्यांत लिहितात. १०, मग दोन उभ्या रेघा, मग १९४०. हे ठाऊक नसेल तर फेब्रुवारीची नोंद हातात असून अकरावा महिना वाचला जातो.

संख्येबद्दलही जरा सांभाळून. आपल्याकडच्या लेखांत 'सतरा लाख माणसं नेली' असं बेधडक छापलं जातं. युद्धाच्या काळात परागंदा पोलिश मंडळींनी केलेले अंदाज दहा लाखांच्या वर होते. १९९० नंतर सोविएत दफ्तरं उघडली, तेव्हा या चार लाटांची नोंदलेली संख्या सुमारे ३ लाख २० हजार निघाली. अटक झालेले, लष्करात जबरीनं भरलेले, युद्धकैदी हे त्यात धरलेले नाहीत. दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे सांगणारा लेख मला मराठीत वाचायला आवडेल. आकडा कमी झाला म्हणून दुःख कमी होत नाही. उलट नोंदलेला आकडा म्हणजे नावानिशी यादी, आणि यादी म्हणजे शोधणाऱ्याला आशा. वॉर्साच्या कार्ता केंद्रानं अशाच दफ्तरांवरून दडपशाहीच्या बळींची सूची तयार केली. ती आता पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेकडं आहे आणि घरबसल्या पाहता येते.

३० जुलै १९४१ला लंडनच्या पोलिश सरकारचा आणि मॉस्कोचा करार झाला, आणि हद्दपार माणसांना 'माफी' मिळाली. गुन्हा काय केला होता ते कुणी सांगितलं नाही, माफी मात्र मिळाली. जनरल आंदर्स यांची फौज उभी राहू लागली आणि तिच्या आसऱ्यानं बायकामुलं दक्षिणेकडं सरकली. कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरताना टायफॉइड-टायफसनं आणि उपासमारीनं माणसं गळत होती. तेहरान, अहवाज, मग इराणी आखातातून बोट, कराची, आणि शेवटी मिरज-कोल्हापूर मार्गावरचं ते लहानसं स्टेशन. आपल्या गोष्टीतली हसरी पोरं एवढा प्रवास पोटात घेऊन आली होती.

एक अडचण अजून. 'तुम्ही पोलंडात कुठल्या?' हा प्रश्नच त्यांना नीट लागू पडत नाही. त्यांची गावं आज बहुतांशी युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. ज्या शहराला ती लवूव म्हणायची ते आज ल्विव्ह. विल्नोचं विल्नियस झालं. परत जायला देश होता, पण घर त्या देशात उरलं नव्हतं. म्हणून १९४७-४८ मध्ये वळिवडं सोडताना थोडे पोलंडला गेले, आणि पुष्कळ जण आंदर्स यांच्या फौजेतल्या नवऱ्या-भावांच्या मागं ब्रिटनला. बाकीचे इतर देशांत पांगले. आपली गोष्ट त्यांना स्टेशनावर निरोप देऊन संपते. नातीची तिथून पुढं सुरू होते.

नावं कशी हरवतात

तिसरा बिघाड आपण बेगम बाजारवाल्यांनी तरी करायला नको होता.

निजामी दफ्तरात ज्यांनी आपल्या घराण्याचा कागद शोधला आहे, त्यांना काय होतं ते ठाऊक आहे. मराठी माणसाचं नाव उर्दू कारकुनानं लिहिलेलं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. कुलकर्णी हे नाव काफ-लाम-काफ-रे-नून-ये असं पडतं, आणि शंभर वर्षांनी वाचणारा त्याचं कलकरनी करो की किलकिरनी, कागद तक्रार करत नाही. वर तारीख फसली सनाची. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, हे ज्याला कळत नाही तो वर्षच्या वर्ष चुकतो. आपण या खटाटोपात केस पांढरे केले. मग पोलिश नावांच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर कसे?

पोलिश 'व्वादिस्वाव' घ्या. पोलिश लिपीत 'ल'सारखं दिसणारं पण पोटात तिरकी रेघ असलेलं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार 'व'च्या जवळचा. इंग्रज कारकुनानं रेघ गाळली, की 'ल' झाला. मराठी बातमीदारानं ते इंग्रजीवरून उचललं, की झाले 'व्लाडिस्लॉ'. आता या तीन रूपांतून एकच माणूस ओळखायचा आहे. बायकांच्या नावात आणखी मेख. भाऊ 'स्की', तर बहीण 'स्का'. नोव्हाक आडनावाच्या माणसाची बायको जुन्या रीतीनं नोव्हाकोवा आणि अविवाहित लेक नोव्हाकूव्हना. एकाच घरातल्या तीन माणसांची तीन आडनावं पाहून आपण ती तीन घरं समजतो. वळिवड्याला बायकामुलीच जास्त होत्या, म्हणजे ही चूक तिथं सगळ्यात जास्त होणार.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. महावीर उद्यानात स्मारक आहे. तिथं जाऊन आलेल्यांचे फोटो मी पाहतो. बहुतेकांत स्मारकापुढं उभे आपण, आणि मागं अक्षरं पुसट. थडग्यावरचं नाव फोटोत वाचता येत नाही, आणि लेखात ते देवनागरीत अंदाजानं आलेलं असतं. शोध घेणाऱ्या माणसाला आपल्या भावना नंतर. आधी त्याला दगडावरचं अक्षर हवं, रेघेसकट, शेपटीसकट, जसंच्या तसं.

बरं काय लिहिलं गेलं

टीका करताना चांगल्याचं नाव घेतलं पाहिजे. 'अ लिटल पोलंड इन इंडिया' हा २०१३चा माहितीपट आपल्याकडच्या अनेकांची या विषयाशी पहिली ओळख ठरला. त्यात म्हातारे झालेले साक्षीदार स्वतः बोलतात, हे त्याचं मोल. पण त्याचा जीव बालाचडीत आहे. वळिवड्याबद्दल आपण त्याच्या आधारानं बोलू लागलो, की जामसाहेबांची छाया कोल्हापूरवर पडते. त्यात चूक माहितीपटाची कमी, आपली जास्त.

अनुराधा भट्टाचार्जी यांचं 'द सेकंड होमलँड' हे २०१२चं पुस्तक मी या विषयात पहिलं वाचायला सांगेन. त्यांनी अभिलेखागारांतले कागद आणि जिवंत माणसांच्या मुलाखती शेजारी शेजारी ठेवल्या. कुणी परवानगी दिली, कुणी पैसे दिले, कुणाला ही माणसं नकोशी होती, हे प्रश्न त्या विचारतात. आपल्या 'दयाळू महाराजा'वाल्या लेखकांनी हे पुस्तक चाळलं असतं, तरी निम्म्या चुका टळल्या असत्या. पण त्यांचा प्रश्न राज्यकारभाराचा आहे. माग काढणाऱ्याला त्यातून नकाशा मिळतो, घराचा पत्ता नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम, त्या माणसांनी स्वतः केलं. भारतात राहून गेलेल्या पोलिश मंडळींनी लंडनमध्ये आपली संघटना काढली आणि 'पोल्स इन इंडिया १९४२–१९४८' हा आठवणी आणि कागदपत्रांचा जाड ग्रंथ तयार केला. आधी पोलिशमध्ये, मग इंग्रजीत. शाळा, पथकं, दवाखाने, प्रवासाचे तळ, सगळं त्यांनी जमवलं, कारण आपल्यामागं हे कुणी लिहिणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच्याही मर्यादा सांगायला हव्यात. ग्रंथ झाला तेव्हा लिहिणारे म्हातारे होते, म्हणजे वळिवड्यात ते मुलं होते. मुलाच्या आठवणीत आंबा, नदी, माकड, नाटक राहतं. आईनं रात्री काय हिशेब मांडला, इटलीच्या आघाडीवरून पत्र आलं नाही तेव्हा ती काय करायची, हे मुलाला कळलेलं नसतं. आया तोवर गेल्या होत्या. त्यामुळं 'वळिवड्याचे सोनेरी दिवस' हा जो सूर आपल्याकडं उचलला गेला, तो मुलांचा सूर आहे. तो खरा आहे, पण छावणीतल्या मोठ्या माणसांचा सूर तोच होता असं धरून चालता येणार नाही.

आणि मराठी बाजू? वळिवडे, उचगाव, कोल्हापूर या गावांनी या पाच हजार माणसांना दूध, भाजी, कापड विकलं, त्यांच्याकडं काम केलं, त्यांची भाषा थोडी उचलली. ते लिहायचं काम लंडनच्या मंडळींचं नव्हतं. ते आपलं होतं, आणि आपण त्याऐवजी महाराजा लिहिला. गावातला माणूस गोष्टीत 'प्रेमळ ग्रामस्थ' एवढाच उरला. त्यालाही नाव नाही. म्हणजे या साच्यानं पाहुण्यांची नावं गाळली आणि यजमानांचीही.

त्याच बराकींतली दुसरी माणसं

पोलिश माणसं गेल्यावर बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथं जागा मिळाली, आणि छावणीचं झालं गांधीनगर. आपल्याकडच्या कापडवाल्याला गांधीनगर म्हटलं की घाऊक बाजार आठवतो. तो बाजार निर्वासितांच्या दोन पिढ्यांच्या राखेवर उभा आहे, हे क्वचितच कुणाच्या ध्यानात असतं. पोलिश बाई ज्या कराचीतून वळिवड्याला आली, त्याच कराचीच्या मुलखातून हाकललेला सिंधी माणूस तिच्या खोलीत राहायला आला. वळिवड्यावरच्या लेखांत या माणसांना जेमतेम एक ओळ मिळते, कारण त्यांच्या नातवंडांना आभार मानायला परदेशातून यावं लागत नाही. ती तिथंच दुकानात बसलेली आहेत.

आणि आपण हैदराबादवाले? १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयानं मराठवाड्यातली आणि इकडची कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यातली कितीतरी मुसलमान कुटुंबं गावं सोडून हैदराबाद शहरात आली. दोन्हीकडची नातवंडं आज आपल्याच गल्लीत राहतात. त्यांच्यापैकी कुणी येऊन विचारलं, 'आमचं गाव कुठलं, कोण कोण निघालं, कोण पोचलं', तर आपल्याकडं तरी यादी आहे का? पोलिश मंडळींनी परक्या देशात बसून आपली यादी केली. आपण आपल्याच शहरात बसून केली नाही.

मग करायचं काय

ताईंच्या प्रश्नाला आता थोडं तरी उत्तर देता येईल. उद्या ती नात आली, तर आधी तिला महाराजाची गोष्ट सांगायची नाही. तिच्या घरात काय बोललं जायचं ते ऐकायचं. महिना कोणता, बरोबर कोण होतं, बंदराचं नाव काय, आजीचं माहेरचं आडनाव काय. त्यावरून लाट, लाटेवरून मूळ मुलूख. मग वॉर्साची सूची. मग नवरा-भाऊ आंदर्स यांच्या फौजेत असेल तर ब्रिटनमधल्या सैनिकी नोंदी. मग सिकोर्स्की, हूवर, आरोल्सेन, दिल्ली, कोल्हापूर. आणि वळिवडं निघालंच, तर गांधीनगरात तिच्याबरोबर जायचं.

आणि आपण जे लिहू, त्यात तीन पथ्यं पाळू. छावणीचं नाव स्पष्ट लिहायचं, बालाचडी की वळिवडे. पोलिश नावाचा उच्चार देवनागरीत द्यायचा, पण मूळ अक्षराचा स्वच्छ फोटो सोबत ठेवायचा. आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून आठवण घ्यायची ती त्यांचं नाव, त्यांची संमती आणि तारीख लिहून. यातलं काहीच अवघड नाही, फक्त माना डोलावण्यापेक्षा थोडं जास्त काम आहे.

या विषयाचं एक टोक आपल्याच शहरात आहे, ते सांगून थांबतो. युद्धकाळात भारतात पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी होत्या किरा बानासिन्स्का, मुंबईतल्या पोलिश कौन्सुल जनरलांच्या पत्नी. निर्वासितांना इकडं आणण्याच्या आणि वसवण्याच्या कामात त्या पहिल्यापासून होत्या. युद्ध संपल्यावर त्या परत गेल्या नाहीत. भारतातच राहिल्या, आणि उत्तरायुष्य त्यांनी हैदराबादेत काढलं. आपल्या मंडळात कोल्हापूरच्या महाराजांवर तासभर बोलणं झालं, पण या बाईंचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी त्यांच्याबद्दल काही ऐकलेलं असेल, एखादं पत्र, एखादा फोटो असेल, त्यांनी तो घेऊन यावा. फोटोच्या मागं नाव लिहिलेलं असेल तर ते पुसू नका.